निमॅटोडची बाटली विकण्याआधी मूळ बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी दोन कुंड्या दाखवल्या होत्या. एका कुंडीतल्या टोमॅटोच्या मुळ्या सुतासारख्या सरळ होत्या, तर दुसरीतल्या मुळ्यांना हळकुंडासारख्या गाठी आल्या होत्या. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून त्यामागचं शास्त्र आणि दुकानाचा हिशेब इथे सविस्तर लिहितोय. तुमचं कृषी सेवा केंद्र असेल तर शेवटपर्यंत वाचा. शेतकरी असाल तरीही वाचा, म्हणजे दुकानदाराला काय विचारायचं ते कळेल.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

दुकान हातात घेऊन मला तिसरं वर्ष होतं. परवाना वडिलांच्या नावाचा, माझं शिक्षण बीबीए. मार्जिन, स्कीम, उधारीचं गणित मला चांगलं यायचं, पण मातीतलं फारसं काही कळत नव्हतं. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. दोन एकर टोमॅटो लावलेला. आबा आले आणि म्हणाले, "मधल्या पट्ट्यात झाडं पिवळी पडल्यात. दुपारी मान टाकतात, संध्याकाळी परत उभी राहतात." मी ह्युमिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं दिली. दहा दिवसांनी आबा परत आले. फेरस, झिंक दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला निमॅटोडची शंका आली, आणि एका विक्री प्रतिनिधीने ठेवून गेलेल्या "शंभर टक्के हर्बल" औषधाच्या दोन बाटल्या मी त्यांच्या हातात दिल्या. तीन चकरांत साडेसात हजारांचं बिल झालं.

पंधरा दिवसांनी आबा आले ते हातात उपटलेलं झाड घेऊनच. काउंटरवर, माझ्या बिलबुकाशेजारी ठेवलं. मुळ्या गाठींनी भरलेल्या. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "पोरा, एकदा तरी झाड उपटून बघा म्हणायचं होतंस."

दिवाळीत येऊन त्यांनी उधारीचा एक न एक रुपया चुकता केला. त्यानंतर दोन वर्षं ते दुकानाची पायरी चढले नाहीत. भांडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण समजावू शकतो. हिशेब मिटवून गप्प गेलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार?

पुढे मी दुकानदारांसाठी असलेला 'मॅनेज'चा देसी डिप्लोमा केला, त्यात हा विषय शिकलो. जे समजलं ते सांगतो.

आधी रोग ओळखा

निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी. मुळात शिरणारं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर लांब असतं, डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, डाळिंब, पेरू या पिकांत सर्वात जास्त त्रास देतो तो मुळांवर गाठी करणारा निमॅटोड. पिल्लू मुळीच्या टोकातून आत शिरतं, एका जागी बसून खातं आणि तिथली मुळी फुगते. त्या गाठीत मादी असते. एक मादी काहीशे अंडी घालते. गरम हवामानात अंड्यापासून मादीपर्यंतचं चक्र महिन्याभरात पूर्ण होतं. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या टोमॅटोत त्याच्या तीन-चार पिढ्या निघतात. पहिल्या महिन्यात किरकोळ वाटलेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात प्लॉट बसवते, ती यामुळे.

काउंटरवर तीन प्रश्न विचारायचे. पिवळेपणा सगळ्या प्लॉटभर आहे की ठिकठिकाणी पट्ट्यात? वाफसा असूनही झाड दुपारी मान टाकतं का? याच्या आधी त्या जागी कोणतं पीक होतं? पट्टा, दुपारची मरगळ आणि आधीचं पीक वांगी, भेंडी किंवा मिरची, असं उत्तर आलं की औषधाच्या रॅककडे वळायचं नाही. "दोन झाडं मुळासकट खणून आणा" म्हणायचं. ओढून उपटली तर बारीक मुळ्या मातीतच तुटून राहतात, म्हणून खणून.

हरभरा, भुईमूग, सोयाबीन अशी द्विदल पिकं असतील तर घाई करू नका. त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. त्या मुळीला बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि चांगल्या गाठी आतून गुलाबी दिसतात. निमॅटोडची गाठ म्हणजे फुगलेली मुळीच, ती वेगळी काढता येत नाही.

शंका राहिली तर मुळाजवळची पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची ओलसर माती पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र करा, थोड्या बारीक मुळ्या घाला, प्लॅस्टिक पिशवीत बांधा. पिशवी उन्हात ठेवू नका, माती वाळू देऊ नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारा विभाग आहे, डाळिंबासाठी सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

वनस्पती निमॅटोडला कशी आवर घालते

"नैसर्गिक आहे म्हणजे काम करतच असणार" असं एक गिऱ्हाईक म्हणतं. "नैसर्गिक आहे म्हणजे काही होत नाही" असं दुसरं म्हणतं. दोन्ही चूक. वनस्पतीत खरोखर विषारी रसायनं असतात. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते स्वतःचं औषध स्वतः बनवतं. प्रत्येकाची पद्धत मात्र वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय विकलं तर फसगत होते.

निंबोळी. निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये वेगळं काढलं. पण निमॅटोडसाठी निंबोळी पेंड चालते ती फक्त त्याच्या जोरावर नाही. पेंड मातीत कुजताना अमोनिया आणि इतर द्रव्यं सुटतात, त्यांचा निमॅटोडवर परिणाम होतो. शिवाय निमॅटोडवर जगणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना पेंडीवर खायला मिळतं, त्यांची संख्या वाढते. म्हणजे काम कुजण्यातून होतं. कुजायला ओल लागते आणि वेळ लागतो.

झेंडू. झेंडूच्या मुळीत अल्फा टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं. ते निमॅटोड मारतं हे नेदरलँड्समध्ये १९५८ मध्ये दाखवलं गेलं. इथे एक मोठा गैरसमज आहे. बाजारातून उरलेली फुलं किंवा झेंडूचा पाला मातीत टाकून तो परिणाम मिळत नाही. काम करते ती जिवंत मुळी. म्हणून झेंडू दाट हवा, किमान दोन-तीन महिने उभा हवा आणि प्लॉटमध्ये तण नको, कारण निमॅटोड तणाच्या मुळीवर जगून राहतो. सगळ्या जाती सारख्या नाहीत. बुटका, छोट्या फुलांचा फ्रेंच झेंडू या कामाला जास्त भरवशाचा मानतात.

मोहरी. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका आठवा. अख्ख्या मोहरीला तो वास नसतो. दाणा फुटला आणि पाणी लागलं की आतलं सिनिग्रिन आणि एक एन्झाइम एकत्र येतात, आणि अलिल आयसोथायोसायनेट हा वायू तयार होतो. तोच मातीत निमॅटोडला गुदमरवतो. म्हणून मोहरी फुलोऱ्यात आल्यावर बारीक कुट्टी करायची, त्याच तासात रोटाव्हेटरने मातीत मिसळायची, लगेच पाणी द्यायचं आणि शक्य असेल तर वर प्लॅस्टिक अंथरायचं. सकाळी कापली आणि संध्याकाळी गाडली, तर झणका हवेत गेला म्हणून समजा. लागवड त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. मोहरीच्या मुळीवर निमॅटोड वाढू शकतो, त्यामुळे दाण्यासाठी ती लांबवू नका.

ताग. तागाच्या मुळीवर गाठीचा निमॅटोड नीट वाढत नाही. त्याची उपासमार होते आणि आपल्याला हिरवळीचं खत मिळतं. सर्वात स्वस्त उपाय, फक्त त्यासाठी प्लॉट दीड-दोन महिने मोकळा पाहिजे.

करंज आणि एरंडी पेंड. दोन्ही उपयोगी आहेत. पण एरंडीच्या पेंडीत रायसिन हे जहाल विष असतं. कुत्री, जनावरं ती खाऊन मरू शकतात. विकताना हे तोंडाने सांगा, बिलावर लिहा, आणि मातीत पूर्ण झाकायला सांगा.

मग बाटलीने काम का होत नाही?

ॲझाडिरॅक्टिनची १,५०० पीपीएमची एक लिटर बाटली घ्या. त्यात ॲझाडिरॅक्टिन किती? सुमारे दीड ग्रॅम. १०,००० पीपीएमची घेतली तर सुमारे दहा ग्रॅम. आता एक एकर जमिनीतली वरची पंधरा सेंटिमीटर माती मोजा. ती आठ लाख किलोच्या वर भरते. ठिबकने फक्त मुळाजवळ दिलं तरी माती काही टनांच्या घरातच राहते. पानावरच्या किडीसाठी जे प्रमाण पुरतं, ते मातीत विरून जातं. निंबोळीचा अर्क उन्हातही टिकत नाही.

दुसरं कारण वेळ. गाठीत बसलेली मादी मुळीच्या आत आहे. बाहेरून दिलेलं बहुतेक वनस्पतिजन्य औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मुळी गाठींनी भरल्यावर झाड पूर्ववत करणारं हर्बल औषध मी तरी अजून पाहिलेलं नाही. वनस्पतीचा उपाय हा लागवडीच्या आधीचा उपाय आहे, आणि आबांना मी तो लागवडीनंतर अडीच महिन्यांनी विकला होता.

निमॅटोडच्या उपायात प्रमाण किलोत आणि गोण्यांत मोजायचं, वेळ आठवड्यांत मोजायची. हे एक वाक्य डायरीत लिहून ठेवा.

निंबोळी पेंडीचं प्रमाण सगळ्या शेतात पसरायचं असेल तर हेक्टरी १ ते २ टन, म्हणजे एकरी ४०० ते ८०० किलो. गादीवाफ्यावर दोन फुटांच्या पट्टीतच द्यायची असेल आणि दोन गाद्यांच्या मध्यात पाच फूट अंतर असेल, तर पट्टीचं क्षेत्र ४० टक्के होतं. मग एकरी १६० ते ३२० किलो, म्हणजे ५० किलोच्या ४ ते ७ गोण्या. पॉलिहाऊसमध्ये चौरस मीटरला २०० ग्रॅम धरा, दहा गुंठ्यांना ४ गोण्या लागतात. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा आणि ओल ठेवा. ताजी पेंड टाकून दुसऱ्या दिवशी रोप लावलं तर अमोनियाने रोपाचीच मुळी भाजते.

पेंडीची ताकद वाढवायची असेल तर बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची पद्धत चांगली आहे. एक टन पेंडीत ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास आणि पॅसिलोमायसिस प्रत्येकी दोन किलो मिसळायचं, हलकी ओल करून सावलीत पंधरा दिवस झाकून ठेवायचं, मग शेतात टाकायचं. पाच गोण्या असतील तर प्रत्येकी अर्धा किलो पुरतं.

दुकानाचा हिशेब

आता तुमच्या मनातला प्रश्न. पेंड जागा खाते, हमाली खाते, मार्जिन कमी. बाटली रॅकवर बसते आणि मार्जिन जास्त. मग पेंड का विकायची?

समजा एका बाटलीमागे ४०० रुपये सुटतात. दोन बाटल्यांचे ८००. पेंडीच्या गोणीमागे समजा ७० रुपये, पाच गोण्यांचे ३५०. पहिल्या बिलात बाटली पुढे आहे, ते मान्य. आता हंगाम बघा. एकरभर टोमॅटो करणारा माणूस हंगामात समजा ४०,००० रुपयांचा माल घेतो आणि त्यावर तुम्हाला १० टक्के सुटतात, तर ते ४,००० रुपये. प्लॉट दुसऱ्या महिन्यात बसला तर पुढची खरेदी थांबते, उधारी अडकते, आणि पुढच्या वर्षी तो समोरच्या दुकानात जातो. आकडे तुमच्या भागाचे घाला. माझ्या दुकानात प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं.

जागा नसेल तर स्टॉक करू नका. लागवडीच्या महिनाभर आधी नावनोंदणी घ्या, दहा-बारा शेतकऱ्यांची मागणी एकत्र करा, गाडी थेट शेतावर उतरवा. हमाली एकदाच लागते आणि पैसे अडकत नाहीत.

माल घेताना खात्री करा. पेंडीत माती, भुसा मिसळण्याचे प्रकार होतात. एक मूठ पेंड पाण्याच्या ग्लासात ढवळून ठेवा, तळाला वाळू बसली तर समजून घ्या. निंबोळीचा उग्र वास आला पाहिजे. गोणीवर उत्पादकाचं नाव, घटकांचं प्रमाण आणि बॅच नसेल तर परत पाठवा.

कायदा विसरू नका

कीड किंवा निमॅटोड मारतो असा दावा करून विकलेला माल कीटकनाशक कायदा, १९६८ च्या खाली येतो. त्याला नोंदणी क्रमांक हवा आणि ती कंपनी तुमच्या परवान्यावर चढवलेली हवी. बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. त्यांच्या लेबलवर कीड मारण्याचा दावा असूच शकत नाही. "हर्बल", "ऑरगॅनिक", "आयुर्वेदिक" हे शब्द म्हणजे परवाना नाही. प्रतिनिधी म्हणेल, "साहेब, हर्बलला लायसन्स लागत नाही." ते लेखी मागा, तो परत येणार नाही.

यात शेतकऱ्याचाही धोका आहे. बिननोंदणीच्या बाटलीत रासायनिक औषध मिसळलेलं निघालं, तर डाळिंब किंवा द्राक्षाच्या निर्यातीत अवशेष सापडतात आणि अख्खा कंटेनर अडकतो. फोरेटचा वापर २०२० अखेर बंद झाला, बाकी जुनी जहाल औषधंही हळूहळू जात आहेत. त्यांची रिकामी जागा अशा बाटल्या भरायला बघतात. उभ्या पिकात गाठी सापडल्या तर नोंदणीकृत औषधाच्या लेबलवर ते पीक आणि निमॅटोड दोन्ही लिहिलंय का बघा. असेल तरच द्या, नसेल तर सरळ नाही म्हणा.

दुकानासमोर दोन कुंड्या ठेवा

व्हिडिओतला प्रयोग तुम्हीही करा, खर्च जवळपास शून्य. गाठी सापडलेल्या शेतातली माती आणा, नीट मिसळा, दोन कुंड्यांत पाच-पाच किलो भरा. एकीत पाच ते दहा ग्रॅम निंबोळी पेंड घाला. दोन्ही पंधरा दिवस ओलसर ठेवा. मग दोन्हीत टोमॅटोचं एकेक साधं रोप लावा, निमॅटोडला सहनशील जात घेऊ नका. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून मुळी धुवा. गिऱ्हाइकासमोर धुवा. दोन्हीत गाठी सापडतील, फरक त्यांच्या संख्येत असेल. तो फरक जसा आहे तसा दाखवा. कमी पडला तर कमी सांगा.

काढणीनंतरच्या गोष्टीही सांगत चला. जुनी झाडं मुळासकट बाहेर काढा, शेतात कुजू देऊ नका. एप्रिल-मे मध्ये ओल करून पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरा. डाळिंब, पेरूची रोपं घेताना एक-दोन पिशव्या फोडून मुळ्या बघा, कारण पिशवीतल्या मातीबरोबर निमॅटोड बागेत येतो.

आबांचं पुढे काय झालं

डिप्लोमा झाल्यावर मी स्वतःहून आबांच्या वस्तीवर गेलो. चहा झाला. मी म्हटलं, "आबा, विकायला नाही आलो. तो पट्टा बघायला आलोय." ते काही बोलले नाहीत, पण फावडं घेऊन पुढे चालायला लागले.

त्या पट्ट्यात पावसाळ्यात झेंडू दाट लावला. फुलं दसऱ्याला गेली, त्यामुळे जमीन रिकामी ठेवल्याचं वाईट वाटलं नाही. पुढच्या टोमॅटोच्या आधी गाद्यांवर पेंड तीन आठवडे मुरवली. गाठी पूर्ण गेल्या का? नाही. काढणीच्या शेवटी आम्ही दोघांनी झाडं खणली, तेव्हा मुळ्यांवर गाठी होत्या. पण मोजता येतील एवढ्याच होत्या, पांढरी मुळी भरपूर होती आणि झाड शेवटच्या तोड्यापर्यंत उभं होतं.

आबा आता लागवडीच्या महिनाभर आधी दुकानात येतात. येताना पिशवीत एखादं खणलेलं झाड असतं, कधी स्वतःचं, कधी शेजाऱ्याचं. काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हं, बघ."

तुमच्याही काउंटरवर एक जुना ट्रे ठेवा, मुळ्या ठेवायला. या आठवड्यात एवढं एकच काम करा. पुढच्या व्हिडिओत पेंडीची नावनोंदणी कशी घ्यायची आणि आगाऊ रक्कम कशी मागायची ते बघू. भेटू.